सोनं कुणाचं, सरपण कुणाचं

आमच्या ख्रिस्ती मंडळीत दुःखाला फार मान आहे. ज्याचं बरं चाललंय त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही. पण घरात मरण झालं, भाऊबंदांनी वाळीत टाकलं, की उपासना संपल्यावर लोक दारात थांबून हात हातात घेतात आणि म्हणतात, "देव तुम्हाला तावून सुलाखून घेतोय." हे मी इतकी वर्षं ऐकलंय की आता मान हलवायचाही कंटाळा येतो. नव्या सुना मला बघून एकमेकींना सांगतात, ही बाई आगीतून गेलेली आहे. गेले खरी. पण आगीतून गेलेलं सगळंच उजळत नाही, काही नुसतं जळतं. एवढंच मला सांगायचं आहे, आणि तेही बसून, कारण गुडघे आता माझं ऐकत नाहीत.

माझं माहेर निपाणीचं. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला. कपड्यांना, केसांना, भाकरीलासुद्धा तंबाखूचा वास यायचा. लग्न होऊन शहापुरात विणकराच्या घरी आले, तेव्हा कितीतरी दिवस त्या वासावाचून मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. सासरी साड्यांचा माग होता. हे, म्हणजे माझे यजमान, हाताचे हुशार आणि बोलायला गोड. एका साली यांचा पाय सुजला म्हणून मिशनच्या दवाखान्यात पडून राहिले. पाय बरा करून घ्यायला गेले आणि मन देऊन आले. पुढं बाप्तिस्मा घेतला. मला विचारलं नाही. त्या काळी नवऱ्यानं बायकोला काही विचारायची पद्धतच नव्हती, म्हणून मला ते खटकलंही नाही. पदर डोक्यावर घेऊन यांच्यामागे उभी राहिले आणि माझ्याही डोक्यावर पाणी पडलं. माहेरहून निरोप आला, मुलगी मेली असं आम्ही समजतो. सासूबाईंनी एवढंही बोलणं केलं नाही. आमची चूल वेगळी केली, गल्लीच्या टोकाची खोली दिली आणि विषय संपवला.

विणकराला एकट्यानं जगता येत नाही, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. माग एकट्यानं चालतो. पण सूत मागावर चढवायच्या आधी त्याची पांजणी करावी लागते. सकाळच्या गारव्यात ताणा, म्हणजे उभे धागे, गल्लीभर पसरायचा, दोन्ही टोकांना ओढून धरायचा, खळ लावायची आणि कुंच्यानं ती सुतात मुरवत जायची. ऊन चढायच्या आत उरकलं नाही तर खळ वाळते आणि सूत तटातट तुटतं. चारपाच माणसं तरी लागतात. म्हणून गल्लीत रीत होती, आज तुझ्या ताण्याला मी, उद्या माझ्या ताण्याला तू. कुणाला बोलवायला जावं लागत नसे. बाप्तिस्म्यानंतर आम्ही पहिल्यांदा ताणा पसरला आणि एकही दार उघडलं नाही. आतून माणसांचं बोलणं ऐकू येत होतं. एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला मी, तीही पोटुशी, आणि मधे कुंचा धरून आमची एवढीशी मुलगी. अर्धं सूत त्या दिवशी तुटलं. दुपारभर मी धागे जोडत बसले आणि हे म्हणाले, "ही कसोटी हाय. देव बघतोय."

"नुसता बघतोय व्हय?" मी म्हटलं. "एक टोक धरायला यिऊ दे की."

हे हसले. तेव्हा हसायचे.

मग यांना कसोटीची गोडीच लागली, एखाद्याला विडीची लागते तशी. विहिरीवर घागर लावू दिली नाही, कसोटी. मुलीला कुणी खेळायला घेतलं नाही, कसोटी. रविवारी साक्ष द्यायला पहिले उभे. साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं. हे बोलायला लागले की बायका पदर डोळ्याला लावत. खोटं कशाला सांगू, मलाही अभिमान वाटायचा. पण घरी आल्यावर लांबच्या विहिरीवरून पाणी मलाच आणायचं असे, आणि अभिमान काही घागर उचलू लागत नाही.

पोटातला तो मुलगा झाला. चालायला लागल्यापासून गल्लीला न जुमानणारा तोच एकटा. कुणाच्याही उंबऱ्यावर जाऊन बसायचा. सासूबाई त्याला हाकलायच्या, आणि हाकलता हाकलता हातात गुळाचा खडा द्यायच्या. हे मी बघितलंय हे त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक नसल्यासारखं दाखवायच्या.

तो चार वर्षांचा असताना मानमोडीची साथ आली. तो ताप असा, की दुपारी उठून जेवलेलं माणूस दुसऱ्या दुपारी नसायचं. गल्लीत घरटी एकजण गेला. आमच्यात आधी मी पडले, मग हे. मुलगा सगळ्यात शेवटी पडला आणि सगळ्यांच्या आधी गेला. मला उठून बसता येत नव्हतं. त्याचं डोकं मी मांडीवर घेतलं होतं, की घेतलंय असं मला तापात वाटत होतं, ते आजही नक्की सांगता येत नाही. मंडळीतले दोघं आले. त्यांनी त्याला उचललं आणि हे भिंती धरत त्यांच्यामागून मातीला गेले. गल्लीतलं कुणी आलं नाही. सासूबाईही आल्या नाहीत.

ताप उतरल्यावरच्या पहिल्या रविवारी आम्ही आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गेलो. मी भिंतीला टेकून बायकांच्या बाजूला बसले होते. हे नेहमीसारखे साक्षीला उभे राहिले. गालफडं बसलेली, सदरा अंगावर लोंबत होता.

"आगीत घातल्याबिगर सोनं निवळ व्हत न्हाय," हे म्हणाले. "माझ्यात लई गाळ हुता. देवानं माझं पोरगं घिऊन मला निवळ केलं. त्येची स्तुती असू द्या."

मंडळी गहिवरली. उपासना चालवणारे पाळकसाहेब खाली उतरून आले आणि यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. माझ्या शेजारची बाई माझ्या कानाशी म्हणाली, केवढा हा विश्वास. मला त्या भिंतीतून पलीकडे निघून जावंसं वाटलं.

घरी येऊन मी चूल पेटवली नाही. यांनी विचारलं, का म्हणून.

"तुमी सोनं झालासा," मी म्हटलं. "मग माझं लेकरू काय हुतं? सरपण?"

"असं बोलू नगं."

"आगीबिगर सोनं न्हाय म्हंतासा. मग आग कशावर पेटली ते बी सांगा की मंडळीला. तुमाला उजळायला त्येला घातला व्हय चुलीत?"

नंतर कितीतरी दिवस हे मागावर बसायचे, पण धोटा हातात धरून तसेच बसून राहायचे. मला दया आली नाही. दया यायलाही अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं.

एके दुपारी सासूबाई लांबच्या विहिरीवर आल्या. त्या विहिरीवर त्यांचं काही काम नव्हतं. माझी घागर भरेपर्यंत त्या बाजूला उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "पोरीला घिऊन घरला ये. पंचांस्नी मी बघते. त्येचा देव त्येला लखलाभ." मुलाबद्दल शब्द काढला नाही. पण सासूबाईंनी मला हाक मारायला एवढं अंतर चालावं, याचंच मला रडू आलं.

मनातून मी निघालेच होते. घरात माणूस होता, पण त्याचं सगळं बोलणं मंडळीशी. देवाचं म्हणाल तर त्याच्यावर माझा राग होता आणि प्रार्थना होत नव्हती. तेवढी एकच गोष्ट पाय मागे ओढत होती, कारण राग काढायला तरी तोच समोर होता. सासूबाईंच्या देव्हाऱ्यातल्या देवांवर मला रागावता आलं नसतं. त्यांनी माझं काही घेतलेलं नव्हतं.

पुढे हंगामाचा सण आला. त्या दिवशी लोक आपल्या पिकातलं काहीबाही देवळात आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. खानापूर, गुंजी, निपाणीकडची माणसं येतात. पाळकसाहेब घरी येऊन यांना सांगून गेले, सोन्याची ती साक्ष त्या दिवशी सगळ्यांपुढे पुन्हा द्या, दुःखी लोकांना धीर येईल. मी आतून ऐकलं आणि तिथंच ठरवलं. हे ते पुन्हा बोलले, तर संध्याकाळी मुलीला घेऊन सासूबाईंकडे जायचं आणि परत फिरायचं नाही. सासूबाईंना तसं कळवलं. यांना सांगितलं नाही. धाक दाखवून घेतलेल्या साक्षीला काय अर्थ.

सणाला देऊळ भरून गेलं. पुढे भोपळे, जोंधळ्याची कणसं, नारळ, पाय बांधलेल्या कोंबड्या. पाळकसाहेबांनी यांची ओळख करून दिली, परीक्षेत टिकलेला बंधू म्हणून. हे उठले. उभे राहिले ते उभेच राहिले. लोक माना वर करून बघायला लागले. मी मुलीचा हात धरून ठेवला होता.

"मागल्या येळी मी हितं बोललो," हे म्हणाले, "की देवानं पोरगं घिऊन मला निवळ केलं. ते मी बोलायला नगं हुतं. मी निवळ-बिवळ काय झालो न्हाय. माझं पोरगं गेलं. कशापायी गेलं, मला ठावं न्हाय. मी देवाला इचारतोय. त्यो अजून बोलला न्हाय."

पाळकसाहेब खुर्चीत सावरून बसले. यांनी बायकांच्या बाजूला बघितलं.

"आनि कसोटी माझी म्हनून मी सांगत फिरलो. पांजणीचं दुसरं टोक ती धरती. पानी ती आणती. पोरगं तिचं बी हुतं. तिला मी कदी कायबी इचारलं न्हाय."

आणि मग हे रडले. घरी रडले नव्हते, मातीला रडले नव्हते, ते तिथं रडले, आणि फार वाईट रडले, नाकातोंडातून, खाली वाकून. काय करावं ते पाळकसाहेबांना सुचेना. त्यांनी गीत सुरू केलं, पण मंडळी अर्धीमुर्धीच गायली. त्या दिवशी कुणी यांच्या विश्वासाचं कौतुक केलं नाही. दोन माणसं तर यांना टाळून निघून गेली. लिलाव मात्र झाला, भोपळे-कोंबड्या सगळं गेलं.

परतताना हे म्हणाले, "आईनं तुला बलावलंय, मला ठावं हाय. तुझं काय म्हननं हाय?"

लग्न झाल्यापासून माझं म्हणणं विचारणारा यांचा तो पहिला प्रश्न. असा प्रश्न आला की काय उत्तर द्यायचं, याची मला सवयच नव्हती.

"दमलेय मी," मी म्हटलं. "आदी घरला जाऊ."

संध्याकाळी मी एकटीच सासूबाईंकडे गेले. त्यांनी कोपरा झाडून माझ्या ट्रंकेला जागा करून ठेवली होती.

"आत्याबाई, मी येत न्हाय."

त्या म्हणाल्या, "काय दिलं गं तुझ्या देवानं तुला?"

"कायबी न्हाय."

"मग?"

"तुमचा ल्योक आज रडला. समद्या मंडळीपुढं. पोरासाठी."

सासूबाई खाली बसल्या. बराच वेळ त्या झाडलेल्या जागेवरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "कुठं ठेवलाय त्येला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं दफनभूमीकडे गेलो. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या आणि सासूबाई डोक्यावरचा पदरही पुढे न ओढता आमच्याबरोबर चालल्या होत्या. त्यावरून पंचांनी त्यांना पुढे काय काय ऐकवलं, ते मी सांगत बसत नाही. यानंतर आमचे दिवस पालटले असंही कुणी समजू नये. ताणा पुढं कितीतरी वर्षं आम्हीच पसरला, पाणी लांबूनच आणलं. देव माझ्याशी अजूनही फारसा बोलत नाही. मीही त्याच्याशी मोजकंच बोलते, पण बोलते. यांच्या तोंडून मात्र सोन्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. कुणाकडे मरण झालं की हे जायचे, काही न बोलता बसायचे, घागरी रिकाम्या दिसल्या तर पाणी भरून ठेवायचे. यांच्यातलं काय जळलं, ते मी त्यावरून ओळखलं.

त्या सकाळी दफनभूमीत गवत वाढलं होतं. दगड नव्हता, खूण नव्हती. यांना मात्र जागा बरोबर ठाऊक होती, कारण हे रोज तिथं जाऊन येत होते. मला ते तेव्हा कळलं.

"डोस्कं कुठल्या अंगाला हाय?" सासूबाईंनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. यांनी हातानं दाखवलं.

सासूबाई त्या बाजूला जाऊन बसल्या. एक हात मातीच्या ह्या टोकाला ठेवला, दुसरा लांब करून त्या टोकाला लावला. तो सहज पोचला.

"एवढीशीच जागा लागली व्हय रं तुला," त्या म्हणाल्या.

हे त्यांच्याजवळ मातीत बसले. मी थोडा वेळ उभी राहिले, मग मीही बसले.