बरा झालेला पाय

तिरोड्यात वीजप्रकल्प यायच्या आधीची गोष्ट. समाजमंदिरात सतरंज्या अंथरून मी पोरापोरींना कराटे शिकवायचो. स्वभाव तापट, तोंड फाटकं. कुणाचा पाय डगमगला की खेकसायचो, "काऊन बे, सकाळी जेवला नाही का?"

त्यात नववीतली एक पोरगी होती, धानवाल्या घरातली. रोवणीत डोक्यावर पऱ्ह्यांचा, म्हणजे धानाच्या रोपांचा, भारा घेऊन बांधीच्या वीतभर रुंद, निसरड्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालायची तिला लहानपणापासून सवय. त्यामुळे की काय, गिरकी घेऊन लाथ मारली तरी खाली यायची ती ठाम. पंच तोंडात बोटं घालायचे! जिल्ह्यातून राज्याच्या स्पर्धेला तीच जाणार, असं मी गावभर सांगून बसलो होतो. तिच्यापेक्षा घाई मलाच.

निवडीच्या तीन आठवडे आधी तिचा घोटा मुरगळला. टम्म सुजला. हळद-चुना लावून बांधला. सूज उतरली तसं मी तिला त्या एका पायावर उभं केलं आणि मोजायला लागलो. शंभर झाले, पण बाई हलली नाही. "झाली बरी!" मी ओरडलो. अक्कल गहाण पडली होती माझी, दुसरं काय! नुसतं उभं राहणं वेगळं आणि उडी घेऊन, फिरून, धक्का खाऊन त्याच पायावर सावरणं वेगळं. हे मला कळत नव्हतं असं नाही. तरी तिला एकदाही उडी मारायला लावली नाही. नको ते दिसेल म्हणून घाबरत होतो, हे आज कबूल करतो.

गोंदियात निवडीच्या पहिल्याच लढतीत तिने गिरकी घेतली. लाथ बसलीसुद्धा. खाली टेकताना मात्र घोटा वळला आणि गुडघा आत मोडला. डॉक्टरांनी खेळ कायमचा बंद सांगितला.

दवाखान्यात मी उलट तिच्यावरच घसरलो. "दुखून राहिलं होतं तं सांगाचं नाही का वं?"

"दुखत नव्हतं, सर," ती म्हणाली. "उतरताना पायाचा भरोसा वाटत नव्हता. सांगनार होती मी. पण तुमी लय खुश होते. मले वाटलं, सांगतलं तं तुमी चिल्लावान."

चिल्लावलोच असतो. तिला ते माहीत होतं, आणि मलाही.