गिरणीत राहिलेला अडकित्ता

मुळशी पेट्यात बापलेकांनी चालवलेला एकही धंदा आमच्या आतोबांच्या सल्ल्यातून सुटला नाही. त्यांतले काही धंदे अजून चालू आहेत, यावरून ते मुळात किती भक्कम होते हे कळते. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पुण्यातले त्यांचे कापडाचे दुकान चाळिशीतच बंद पडल्यामुळे दुसऱ्यांची दुकाने सांभाळायला त्यांना भरपूर सवड होती. पौडला उतरायचे, न बोलावता कोणाच्याही गादीवर टेकायचे आणि विचारायचे, "तुमच्यामागे कोण?" एका किराणावाल्याची बायको हे ऐकून रडायलाच लागली. एस.टी.त शेजारी बसणाराही या प्रश्नातून वाचत नसे.

घरच्या धंद्याला भांडवल नव्हे, बैठक कमी पडते, असे त्यांचे मत. म्हणून दर सोमवारी घरच्यांची बैठक. मध्ये ते खिशातला पितळी अडकित्ता ठेवत. तो ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचे. स्वतः आतोबा सुपारी खात नसत, दात नव्हते.

घोटावड्याच्या भातगिरणीत प्रकरण गंभीर होते. म्हातारे तात्या इंजिनाला कोणाला हात लावू देत नसत. थोरला म्हादू सोसत होता. धाकटा शंकर शेजारच्या नांदे गावात वेगळी गिरणी टाकायला निघाला होता. भात एकाच गिरणीपुरते होते. दोन झाल्या की दोन्ही बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. बोलत कोणी नव्हते. बोलणार कसे? तात्यांनी पहिल्याच बैठकीत अडकित्ता उचलला, तो बैठक उठेपर्यंत खाली ठेवलाच नाही; पुढे दर सोमवारी तेच. "नेम तुमचाच हाय न्हवं, काका?" सुपारी कातरत ते आतोबांना विचारत आणि पुढे बोलत राहत. सोबत नेलेल्या मला आतोबा कौतुकाने म्हणाले, "शिस्त बघ!"

एका सोमवारी सुपारी कडक निघाली आणि तात्यांचा अंगठा चिरला. पोरांना काम सांगायच्या सवयीने त्यांनी अडकित्ता शंकरपुढे केला. "कातर रं जरा."

शंकरने सुपारी बाजूला ठेवली. "तात्या, मला येगळं व्हायचं न्हाई. निस्तं इंजन चालू करू द्या एकदा."

तात्यांनी तोंड उघडले.

"गप ऱ्हावा, तात्या," म्हादू म्हणाला. "अडकित्ता त्येच्याकडं हाय. मंग माजी पाळी."

दुसऱ्या दिवशी इंजिन शंकरने चालू केले. तात्या बाहेर बसून ओरडत होते, पण बाहेर. आतोबांनी हे यश आपल्या पद्धतीच्या नावावर मांडले; पुढे कुठेही सांगताना अंगठा वगळला.

त्या दिवशी परतताना थांब्यावर त्यांनी खिसा चाचपला. अडकित्ता गिरणीतच राहिला होता. मी आणायला निघालो.

"राहू दे," ते म्हणाले. "आमच्या दुकानाच्या वाटणीत भावाला पाटी गेली, मला हा आला. आम्ही दोघे एकदम बोलायचो रे."

एस.टी. आली. पुण्यापर्यंत त्यांनी शेजारच्या माणसाला काहीही विचारले नाही.