माझ्या मागे उभे असलेले बाबा

मी देवाला हात जोडते, पण अशा गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली मी नाही. कोणी सांगायला लागलं की उठून चहा टाकायला जायचे. त्यामुळे हे लिहितानाही जरा अवघडल्यासारखं होतंय...

करी रोडला चाळीत आम्ही दोघंच, मी आणि बाबा. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. माझं वर्क फ्रॉम होम होतं म्हणून निभत होतं. त्यांच्या कॉटला लागूनच माझं टेबल. प्रत्येक व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे बाबा दिसायचे, पुण्याच्या टीमलाही ते ओळखीचे झाले होते.

मग मेल आला - पाचही दिवस ऑफिसला यायचं. मॅनेजरला किती विनवलं. "तुला सूट दिली तर उद्या दहाजण येतील," तो म्हणाला. त्यालाही वरून आलेलं होतं, पण माझं डोकं फिरलं होतं. घरून करत होते तेच काम, त्याच पुण्याच्या लोकांशी, फक्त लोअर परळच्या नवव्या मजल्यावर बसून. शेवटी शेजारच्या परबकाकू म्हणाल्या, "मी बसतंय त्यांच्याकडे. तू जा."

तिसरा दिवस. सकाळचे सव्वाअकरा. मीटिंग चालू होती, माझ्या पाठीशी काचेची भिंत. मी बोलत असताना पुण्याची स्नेहा मध्येच म्हणाली, "अगं, काकांना ऑफिसला आणलंस?"

"म्हणजे?"

"मागे उभे आहेत ना तुझ्या. उजवा हात वर करून बोलवतायत तुला."

मी वळले. कोणी नव्हतं. स्क्रीनवरही मला नुसती काच दिसत होती. मॅनेजर त्याच्या केबिनमधून कॉलवर होता. तो हळूच म्हणाला, "मलाही दिसले."

दोन वर्षांत बाबा उभे राहिले नव्हते. तो हात तर हललाही नव्हता.

काकूंना फोन लावला - उचलला नाही. परत लावला. मग बॅग तिथेच टाकून निघाले. पूल ओलांडून, धावत-चालत दहा मिनिटं.

दार नुसतं लोटलेलं. काकू मोरीपाशी पडलेल्या, अंग गार, घामाने थबथबलेलं. त्यांना डायबेटिस आहे. चाळीतल्यांनी टॅक्सीत घालून हॉस्पिटलला नेलं. साखर एकदम उतरली होती. "अजून उशीर झाला असता तर..." डॉक्टर म्हणाले. शुद्धीवर आल्यावर काकूंनी पहिलं हेच विचारलं, "मी पडलंय ता तुका कोणी सांगल्यान गे?"

मी घरात शिरले तेव्हा बाबा कॉटवरच होते. सकाळी मी खोचलेली चादर तशीच. पण ते धापा टाकत होते, लांबून चालत आल्यासारखे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग काकूंकडे, आणि डोळे मिटून घेतले.

काकू आता बऱ्या आहेत. मी आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जाते, मॅनेजरने ते कसं जमवलं त्यालाच ठाऊक. मीटिंगचं रेकॉर्डिंग मी कितीदा पाहिलंय... माझ्या मागे फक्त काच आहे. पण स्नेहाचा आवाज आहे, मॅनेजरचाही आहे. बाबांना विचारलं, तर डाव्या हाताने माझा हात धरून बसले. हे कसं झालं, मला खरंच माहीत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी ऑफिसच्या पोर्टलवर लवकर निघाल्याचं कारण भरायचं होतं. दुसरं काही सुचेना. लिहिलं, 'वडील बोलवायला आले होते.'

मॅनेजरने काही न विचारता मंजूर केलं.