मास्तरांनी न वाजवलेला सॅक्सोफोन

नातीने स्वतः वाजवत असलेला सॅक्सोफोन तसाच माझ्या हातात दिला. तोंडाजवळच्या ओल्या, वेताच्या पत्तीचा वास आला आणि मी सोनपेठच्या भीमनगरात जाऊन पोचलो.

नामांतराची वर्षं होती. आमच्या पाटील गल्लीतून मी एकटाच किसन मास्तरांकडे शिकायला जायचो. बाजा एकच, त्यांचा. बँड त्यांनी कधीच सोडला होता. मास्तर सूर गाऊन दाखवायचे, वाजवायचो फक्त मी. म्हाताऱ्या माणसाचा दम पुरत नसेल, असं मी धरून चाललो होतो.

एका दुपारी लवकर गेलो आणि दारातच थबकलो. आत मास्तर वाजवत होते. इतका लांब, भरलेला सूर मी कधी ऐकला नव्हता.

मला पाहताच त्यांनी बाजा खाली घेतला, तोंडाची नळी काढली आणि चुलीवरच्या उकळत्या पाण्यात बुडवली. पत्ती पार वाकडी झाली.

"मास्तर, हे काय करायलाव?"

"उष्टं झालतं. तुमच्या घरी कळलं तर शिकणं बंद करतील."

आपल्याच बाजाला तोंड न लावता त्यांनी मला वर्षभर शिकवलं होतं, हे आजही खरं वाटत नाही.

नवी पत्ती बसवून त्यांनी बाजा पुढे केला.

"कुनी इचारलंच तर सांगा, मास्तरचा दम संपलाय."