माळीकाकांची रोगट पानं

माळीकाकांचं उभं आयुष्य झाडांची दुखणी बरी करण्यात गेलं, आणि उतारवयात नोकरी मिळाली ती झाडांना दुखणं लावायची. संशोधन संस्थेच्या काचघरात तंबाखूची रोपं होती. पानाला बारीक ओरखडे पडावेत म्हणून खरखरीत पूड भुरभुरायची, हातमोजा घातलेल्या बोटाने विषाणूचं पाणी हलकेच चोळायचं आणि पान आजारी पडायची वाट बघायची. असलं काम धड डोक्याच्या माणसाला पटेल तरी कसं?

शिवाय जित्याची खोड जाते थोडीच. पहिल्याच खेपेला पानांवर पिवळट चट्टे उमटले आणि काकांचे हात शिवशिवले. त्यांनी सगळी रोगट पानं खुडली, जाळली, वर काचघर लख्ख धुऊन काढलं. सकाळी संशोधन करणाऱ्या मॅडम आल्या आणि पालथ्या कुंडीवर मटकन बसल्या.

"काका, तेच तर आपलं पीक होतं."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. नोकरी गेली असंच त्यांनी धरलं. पण मॅडमनी चहा मागवला आणि समजावून सांगितलं. हा विषाणू या रोगट पानांतूनच काढायचा असतो; तो झाडाला पीडतो, माणसाला काही करत नाही. कॅन्सरच्या पेशींना मारणारं एक प्रथिन आहे, पण ते नुसतं टोचलं तर अंगात टिकत नाही. या विषाणूच्या काडीसारख्या अंगावर चिकटवलं, तर जास्त टिकेल आणि गाठीपर्यंत पोचेल, अशी आशा आहे.

"म्हणजे काट्याने काटा काढायचा," काका म्हणाले. मग चाचरत त्यांनी विचारलं, "आमच्या हिच्या छातीत गाठ आहे. तिला मिळेल हे?"

"अजून उंदरांवरच चाललंय, काका. बरीच वर्षं लागतील. काकूंचे डॉक्टर देतायत ते औषध अजिबात चुकवू नका."

खोटी आशा लावली नाही म्हणून काका पुढे मॅडमचे कायमचे ऋणी राहिले. त्या दिवशी मात्र रागाने जेवले नाहीत.

काकूंची सलाइनं सुरू राहिली. केस गेले, तोंडाची चव गेली, नवऱ्यावर डाफरणं तेवढं शाबूत राहिलं. गाठ आक्रसली, ऑपरेशन झालं, आणि एका दुपारी डॉक्टरांनी रिपोर्ट चांगला आल्याचं सांगितलं. काका दवाखान्याच्या जिन्यातच ढसाढसा रडले.

घरी आल्यावर ते म्हणाले, "आता ती पानं चोळून आपल्याला काय मिळणार? सोडतो नोकरी. तुझ्याजवळ बसतो."

काकूंनी डोक्याचा रुमाल सारखा केला.

"अहो, मला लागू पडलेलं औषध आधी एका झाडाच्या सालीत सापडलं म्हणे. नर्सबाई सांगत होत्या. ती साल कुणीतरी सोललीच असेल ना? त्याच्या घरचं माणूस वाचलं की नाही, कुणास ठाऊक. मी वाचले. उद्या वेळेवर कामाला जा."