शिकणारा कौल

शाहूपुरीत ख्वाजा मिस्त्रींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. घड्याळ बिघडलं की दोष मालकाचा, सुधारलं की कसब मिस्त्रींचं, अशी धंद्यातली साधी वाटणी. बावन्न साली शेजारच्या कोल्ड्रिंक हाऊसवाल्या अण्णा शेट्यांना गिऱ्हाईक ओढायला काहीतरी यंत्र हवं होतं. मिस्त्रींनी त्यांना कौल देणारं कपाट करून दिलं.

प्रश्न विचारायचा, दांडा फिरवायचा, की पोटातून गोटी पडे. तांबडी म्हणजे 'करून टाका', पांढरी म्हणजे 'करू नका', निळी म्हणजे 'अजून थांबा'. सोबत त्याच रंगाचा बिल्ला. पुन्हा येऊन बिल्ला फटीत टाकला की कौल निम्म्या दरात. पडलेली गोटी आपोआप परत आत जात नसे. बिल्ला आला तर मात्र त्या रंगाच्या दोन आत सरकत. थोडक्यात, ज्या उत्तराने माणूस परत येतो ते उत्तर यंत्र शिकत असे. देवळातल्या कौलाला ही अक्कल नाही. कोण परत आलं याच्याशी देवाला कर्तव्य नसतं.

"शिकतंय बघा, पावणं," अण्णा ओरडून सांगत.

शिकत होतंच. 'करून टाका'वाले करून टाकत आणि फिरकत नसत. 'करू नका'वाले गप्प घरी बसत. 'थांबा'वाले थांबून थांबून पुन्हा येत. वर्षभरात कपाटात बहुतेक निळ्याच गोट्या उरल्या.

मंडईत भाजी विकणारी धोंडुबाई त्या थांबलेल्यांपैकी. तिला काचबिंदू होता. नजर वाचवायची तर लगेच ऑपरेशन, असं डॉक्टरांनी बजावलेलं. ती सुरीला भ्यायची, म्हणून दर बाजारी कपाटाला विचारायची, "डोळं कापून घिऊ का?" निळी पडायची. ती समाधानाने परतायची.

एका बाजारी मिस्त्रींनी तिला भिंत चाचपत येताना पाहिलं आणि ते अण्णांकडे गेले.

"अण्णा, तिला निळीच पडणार. म्हातारी आंधळी व्हईल."

"यंत्र सांगतंय. आपण कुठं सांगतोय?"

"यंत्र म्या केलंय की."

"केलंस. शिकवलं गिऱ्हाइकांनी. पोरगं मोठं झाल्यावर बापाला कोण धरतंय व्हय?"

हा युक्तिवाद मिस्त्रींना महिनाभर पुरला. मग एका सकाळी त्यांनी निळ्या गोट्या काढून तांबड्या भरल्या. पण धोंडुबाईच्या आधी नेसरीचा एक गृहस्थ आला. सुनेला कायमची माहेरी धाडू का, हा त्याचा प्रश्न. तांबडी पडली. तो खुशीत गेला; आता तो काही परत येणार नव्हता. म्हणजे यंत्राच्या लेखी ते उत्तर चुकलंच होतं. आपल्या हातून एक संसार मोडला म्हणून मिस्त्रींनी घाबरून निळ्या पुन्हा भरल्या आणि धोंडुबाईला दारातच गाठलं.

"मावशी, ह्यात देव न्हाय. माणसं परत यावीत म्हणून ते 'थांबा' म्हणतंय. दवाखान्यात चला."

"तुला कवापासनं ठावं हाय?"

"झालं की बरेच दिस."

"आन् गप बसलास?"

"मला वाटलं, डॉक्टरनं सांगितलंय तर..."

"कपाटाला तोंड न्हाय. तुला हुतं की."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले, चष्मा पुसला आणि सांगितलं, "आता करून उपयोग नाही. गेलेली नजर येत नाही, बाई."

रस्त्यावर आल्यावर धोंडुबाई म्हणाली, "मला कपाटाकडं ने."

"आता कशाला, मावशी?"

"इचारतो, नजर परत येती का."

"डॉक्टरनं सांगितलं न्हवं?"

"त्येनं एकदाच सांगितलं. ते थांब तरी म्हणतंय."

मिस्त्रींनी तिला हाताला धरून नेलं. फट तिला सापडेना, म्हणून तिचा बिल्ला त्यांनीच आत टाकला. दांडा तिने फिरवला. गोटी तळहातावर घेऊन तिने ती त्यांच्यापुढे धरली.

"कंच्या रंगाची?"

मिस्त्रींनी गोटी पाहिली. अण्णा गल्ल्यावरून बघत होते.

"निळी," मिस्त्री म्हणाले.

तिने नवा बिल्ला पदराला बांधला. "मग थांबाय पायजे. पुढल्या बाजारी तूच आणशील न्हवं?"

"आणतो," मिस्त्री म्हणाले.