सातेरीच्या वेळा

पारोळ्याच्या सरदार मिस्तरींनी उभी हयात लाकडात काढली. वडील बैलगाड्या करायचे. गाड्या गेल्या तसे सरदार दारं-खिडक्या करू लागले, आणि दुकानात तयार दारं मिळायला लागल्यावर त्यांच्या वाट्याला दुरुस्त्याच उरल्या.

मधमाश्या त्यांच्या आयुष्यात आल्या त्या चिंधा आबांमुळे. आबांच्या वावरातला निंब वादळात पडला होता. सरदार तो कापायला गेले, तर ढोलीत सातेरीचं, म्हणजे लहान देशी मधमाशीचं, पोळं. माश्या पळवून लावायला त्यांनी पाचोळा पेटवला. आबांनी त्यांचा हात धरला.

"त्यासनं घर तुटनं. तू त सुतार शेस. नवं बांधी दे."

सरदारांनी त्याच निंबाच्या फळ्यांची पेटी केली. पहिल्या वर्षी माश्या दोनदा उडून गेल्या, दोनदा आबांनीच त्या शोधून दिल्या. पुढच्या दहा वर्षांत आबांच्या बांधावर सहा पेट्या झाल्या.

शेजारचं वावर ज्ञानेश्वरचं. तो बियाण्यासाठी कांदा लावायचा, म्हणजे कांद्याला डोंगळे, फुलांचे दांडे, येऊ द्यायचे, त्यावर पांढऱ्या फुलांचे गोंडे, आणि माशी फिरली तरच त्यात बी भरायचं. तीन वर्षांपूर्वी त्याने बाहेरून चाळीस पेट्या आणल्या. त्यातली माशी परदेशी वाणाची, सातेरीहून थोराड. गोंडे अजून पुरते उमलले नव्हते. भुकेल्या माश्यांनी आठ दिवसांत सरदारांची एक पेटी लुटून रिकामी केली. सरदार पोहोचले तेव्हा पेटीखाली मेलेल्या सातेरींचा थर होता.

ते तडक ज्ञानेश्वरकडे निघाले, पण आबांनी वाटेतच थांबवलं. सगळ्या माश्यांना पुरेल एवढी फुलं आहेत, असं त्यांचं म्हणणं. "वावर मोठं शे, बठ्ठासले पुरस. आधी दोन दिन बशी पहाय."

सरदार पहाटे बांधावर जाऊन बसले. फेब्रुवारीची थंडी होती. दिसू लागलं न लागलं तोच सातेरी गोंड्यांवर उतरल्या. थोराड माश्या मात्र ऊन चढेपर्यंत पेटीबाहेर आल्या नाहीत. त्या आल्या आणि वावर भरून गेलं, तशा सातेरी हळूहळू कडेला सरकल्या. कुणी आबांच्या शेवग्यावर गेली, कुणी कोथिंबिरीच्या वाफ्यावर. पूर्वी त्या दिवसभर डोंगळ्यांवरच असायच्या, हे सरदारांना पक्कं ठाऊक होतं. थोरल्यांची गर्दी झाली तशी त्यांनी वेळही बदलली होती आणि ताटही.

फुलांची वाटणी त्यांची त्यांनी केली होती, घर राखणं तेवढं सरदारांच्या हातात होतं. त्यांनी पेटीच्या तोंडाला सागाची पट्टी ठोकून फट बारीक केली. पहिली पट्टी फसली. सातेरी आत शिरायची, पण तिच्या पायांवरचे परागाचे गोळे घासून बाहेरच पडायचे. मग त्यांनी कानशीने केसभर घासायचं आणि बघायचं, असं चार दिवस केलं. पाचव्या दिवशी सातेरी गोळ्यांसकट आत गेली. थोराड माशी डोकं खुपसून बघायची आणि माघारी फिरायची.

महिनाअखेरीस आभाळ भरून आलं. आठवडाभर गार वारा, ऊन नाहीच. गोंडे ऐन भरात आणि ज्ञानेश्वरच्या चाळीस पेट्या गुमसुम. तो बांधावर येऊन उभा राहिला. समोर सातेरी गोंड्यांवर फिरत होत्या.

"सरदारभाई, या तुमच्याच ना?"

"माझ्या कुठल्या? आबांच्या निंबातल्या आहेत."

त्या साली सगळ्या वावरात बी सारखं भरलं नाही, पण बांधालगतच्या पट्ट्यात गोंडे टच्च भरले. ज्ञानेश्वर लताबाईंना, आपल्या आईला, घेऊन सरदारांच्या घरी आला. लताबाईंनी सरदारांच्या बायकोच्या, रईसाभाभींच्या, ओटीत तीळ आणि गुळाची छोटी ढेप ठेवली आणि म्हणाल्या, "आम्ही पेट्या आणताना तुम्हाला विचारलं नाही, आणि तुमच्याच माश्यांनी आमचं पीक राखलं."

 लुटलेल्या पेटीवरून भांडायचं आपण ठरवलं होतं, ते सरदारांना आठवलं, आणि आबांनी थांबवलं याबद्दल त्यांनी मनोमन अल्लाचे आभार मानले.

आता ज्ञानेश्वर थोराड पेट्या वावराच्या मधोमध ठेवतो, तेही गोंडे उमलल्यावरच. नाल्याकडचा बांध त्याने सातेरीला सोडलाय, तिथे शेवगा आणि तुळस लावलीय. सरदारांकडे दूरदूरच्या गावांहून पेट्यांची मागणी येते. हात थरथरायला लागलेत, तरी फट ते स्वतःच घासतात. आबांना आता दिसत नाही. दर शुक्रवारी नमाजानंतर सरदार त्यांना हात धरून बांधावर नेतात, आणि कुठली माशी कुठल्या फुलावर आहे ते आबा नुसत्या आवाजावरून सांगतात. बहुतेक वेळा बरोबर असतं.